पोच

खोकं डिसेंबरात आलं. निलगिरीच्या रांगेपलीकडे
ट्रकचा भोंगा वाजला, आणि आख्खी वस्ती फाटकाशी.
सँडल नव्हते त्यात,
ज्यांची मापं आम्ही पावसाआधीच धाडली होती,
एकेक पाऊल कागदावर कोळशाने आखून.
होते हातमोजे.
दोनशे चाळीस जोड, लोकरीचे, पाच-पाच बोटांचे.
आत चिठ्ठी : थंडीत जपा.

कुणी बोललं नाही.
ताफेसेने एक मनगटावर चढवला.
रिकामी बोटं लोंबत राहिली
कोंबड्याच्या तुऱ्यासारखी.
मग अस्नाकेच हसली, आधी नाकातून,
मग पोट धरून, आणि तिच्यामागे
भिंतीलगत बसलेल्या सगळ्याच.
"भल्या माणसांनी मोजून पाठवलीत गं,
आपलीच कमी पडली."

वाटप करणारा पोरगा अदिसचा, नवा.
वही पुढे करून म्हणाला, सही,
नाहीतर अंगठा.
म्हणाला, आणि त्याचे कान तापले.
अस्नाकेचने पेन दोन्ही तळव्यांत धरलं,
कॉफीचा बुधला धरते तसं,
आणि नाव लिहिलं, बापाच्या नावासकट,
त्याच बापाच्या, ज्याने अकराव्या वर्षी तिला
खेचरावर बसवून इथे सोडलं
आणि खेचर तेवढं परत नेलं.
लिहायला ती इथेच शिकली. राखेत, कोपराने.

रात्री मोजे उसवले.
सुटं टोक शोधायचं काम माझं,
नात म्हणून, आणि माझ्या बोटांना
अजून सगळं कळतं म्हणून.
ताफेसेच्या मनगटांभोवती लोकर फिरत राहिली,
लाल, मोरपंखी, एक भलताच पिवळा.
आम्ही पोरींनी टोपड्या विणल्या.

टिमकतच्या जत्रेत सगळ्या खपल्या.
जे आमच्या हातचं पाणी पीत नाहीत
त्यांच्या तान्ह्यांच्या डोक्यांवर आता
आमची लोकर आहे.
कुणी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.
त्या पैशात जुने टायर आले,
टायरांतून अठ्ठावीस जोड्या.

आता पोच लिहायची आहे.
हातमोजे मिळाले, लिहिलं. आभार, लिहिलं.
आजी म्हणते, लिही, बोटं कामी आली.
तेही लिहिलं.
आणि खाली, पुन्हा एकदा, मापं.

पाय पुढे कर, म्हणते मी.
कोळसा टाचेवरून फिरतो, अंगठ्याच्या जागेवरून वळतो.
ती खिडकीबाहेर पाहत असते.
थोड्या वेळाने विचारते,
सुरू केलंस का?