पावती

ओझुर्गेतीच्या अलीकडे, चहाच्या कारखान्यात,
वजनकाट्याला एक कॉम्प्युटर जोडलेला आहे.
माझे दुधाचे दात पडत होते तेव्हाचा.
काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही.
त्याला पानं तोलण्यापलीकडे काही येत नाही:
कुणाची, किती किलो, ओली की कोरडी.
पंचवीस पिनांच्या जाड केबलमधून
तो हे सगळं सांगायचा एका प्रिंटरला,
आणि तो करवतीसारखा ओरडत पावती काढायचा.

मार्चमध्ये प्रिंटर गेला.
नुगझारनं उघडून पाहिला: नऊ सुयांपैकी चार झिजलेल्या.
बातुमीहून नवा आणला. पांढरा, गुळगुळीत,
बोट लावलं की उजळतो,
कुणाच्याही फोनमधला फोटो छापतो,
पण हातभर अंतरावरच्या त्या म्हाताऱ्याचं
त्याला अवाक्षर कळत नाही.

"ड्रायव्हर टाक," नुगझार म्हणाला.
नवा ड्रायव्हर या कॉम्प्युटरवर बसत नाही, मी म्हणालो.
"मग कॉम्प्युटर बदल."
नव्याला हा काटा ओळखता येत नाही.
"मग काटा..."
दारातल्या बायका एकदम गप्प झाल्या.
त्सियाला म्हणाली, आम्हाला फसवलं ते माणसांनी.
काट्यानं कधीच नाही.
काट्याचा विषय तिथेच संपला.

दोघांच्या मध्ये मी एक दुभाषी बसवला,
काडेपेटीएवढा. इकडून पंचवीस पिना,
तिकडून नवी बारीक वायर.
बटण दाबलं. प्रिंटर गोड घुमला
आणि साठ कागद ओकला,
प्रत्येकावर एकच ओळ, ओळीत नुसता कचरा.
आमची अक्षरं गोल, द्राक्षाच्या तणाव्यांसारखी.
त्यातलं एकही नाही.

दुपारी उशिरा डोक्यात प्रकाश पडला:
अक्षरं कॉम्प्युटरमध्ये कधी नव्हतीच.
तो नुसते आकडे पाठवायचा.
अक्षरं मेलेल्या प्रिंटरच्या पोटात होती,
आणि तो परवाच भंगारात गेला होता.

बायकांनी घरून बिस्किटांचे डबे आणले.
वीस-वीस वर्षांच्या पावत्या, सुतळीनं बांधलेल्या.
(मला वाटायचं आईच एकटी असं करते.)
मी एकेक नाव आकड्यांशेजारी ठेवत गेलो.
त्सियालाकडून त्स मिळाला,
ग आणि र गुलनारानं दिले,
ख मिळाला खातुनाच्या आडनावातून,
मधे कुणीतरी मक्याची भाकरी आणि चीज दिलं,
संध्याकाळपर्यंत बत्तीस झाले.

तेहेतिसावा सापडेना.
झ आणि श यांच्या मधला तो मऊ आवाज,
मधमाशी लांब गेल्यावर कानात उरतो तसा.
कुणाच्याच नावात नव्हता.
"झुझुना," गुलनारा हळूच म्हणाली.
झुझुना दोन वर्षांपूर्वी वारली.
पण यादीतून नाव काढायचं कसं,
हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं,
म्हणून ती अजून तिथंच होती, एक्केचाळीस नंबरला,
तिच्या नावात तो आवाज दोनदा.

चाचणीसाठी मग तिचंच नाव छापलं.
काट्यावर काही नव्हतं.
नव्या प्रिंटरनं आवाज न करता,
जरा जास्तच ऐटीत, कागद पुढे केला:
झुझुना. शून्य किलो.
तारीख एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी,
कारण आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच संपली आहे
आणि दर सकाळी त्याच्यासाठी तोच दिवस उजाडतो.
वर्षानुवर्षं नुगझार पेनानं तारीख सुधारतो.

त्यानं खिशातलं पेन काढलं.
त्सियालानं त्याचा हात धरला.
पावती डोळ्यांजवळ नेऊन तिनं नीट वाचली,
अक्षर न् अक्षर, बिल तपासावं तशी.

"जानेवारीत कुठली पानं?" ती म्हणाली.
"शून्य बरोबर आहे."

आणि घडी घालून डब्यात टाकली.