पोचा

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पुंगळ्या घेऊन ती आली.
वीस. प्रत्येकीवर स्केचपेनने आकडा घातलेला,
शिस्तीची पोर.
"करडेकाका, माझी रायफल पितळ चेपतेय."

मी डबा बाकावर पालथा केला.
पितळेचा आवाज मला कुणी शिकवावा लागला नाही,
जन्म तांबट आळीतला,
आईच्या पोटातच आजोबांचा ठोका ऐकलेला असणार.
आता पाषाणच्या टेकडीमागे, या रेंजवर
बंदुकांचे दात तपासत बसतो, एवढंच.

वीसपैकी सात.
सातही तोंडाशी, एकाच कुशीला,
मऊ पेरूत नख रुतवावं तशा.

आधी एक ठरव, मी म्हटलं,
पोचा बार उडायच्या आधीचा की नंतरचा?
उडताना पितळ फुगतं,
चेंबरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहतं.
मॅगझिनच्या ओठांनी चावलेलं,
खिशात किल्ल्यांशी भांडून आलेलं,
सगळं तिथे इस्त्री होऊन निघतं.
म्हणजे हे नंतरचं.

तरी रीत म्हणून सगळं केलं.
मॅगझिन काढून गोळी हाताने भरायला लावली : पोचा होताच.
चेंबरमध्ये उजेड टाकला : कोरडं, तेलाचा थेंब नाही.
एक्स्ट्रॅक्टरची नखी भिंगाखाली : शाबूत.
मग मीच चटईवर आडवा झालो,
गुडघे कुरकुरले, पाच बार टाकले,
आणि बोल्ट मागे घेतला
काठोकाठ दुधाचं पातेलं उतरवावं तसा.
पुंगळ्या टुपटुप शेजारी.
पाचही गुळगुळीत.

"आता तू."

शर्वाणी झोपली. श्वास अर्धा सोडला. बार.
मग बोल्ट असा खेचला
की बंद पुकारल्यावर लक्ष्मी रोडवर शटर —
टिंग.
माझ्या एका कानाचं बोंड मी मुद्दाम सैल ठेवलं होतं.

दुर्बिणीच्या उजव्या अंगाची, वाऱ्याची घुंडी.
तिला भिंगातून दाखवली :
काळ्या रंगावर पिवळा ओरखडा,
हळद लागल्यासारखा.
"रायफलीचं काही बिघडलेलं नाही.
तू जेवढ्या जोराने ओढशील
तेवढ्या जोराने ती पुंगळी भिरकावणार."

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घुंडीला गुंडाळला.
दोन मिनिटांचं काम.
ती म्हणाली, "बस, एवढंच?"

एवढंच होतं. पण तिची वही उघडी पडली होती,
आकड्यापुढे गुण. मी चष्मा वर केला.
चौथी पुंगळी, पोचा : आठ.
पाचवी, पोचा : सात.
नववी, अकरावी, बारावी, एकोणिसावी... आठ, आठ, सात, आठ.
आणि सतरावी. पोचा सगळ्यात खोल.
वहीत मात्र दहा, त्याभोवती गोल केलेला.

"हिला काय झालं? ही तर बरोबर लागलीय."

ती रायफलच्या पिशवीची चेन लावत होती,
अडकलेली चेन, पुन्हा मागे, पुन्हा पुढे.
"तेव्हा पप्पा येऊन मागे उभे राहिले होते," म्हणाली.

आमचे आजोबा मठारलेल्या हंड्यावरून
डोळे मिटून अंगठा फिरवायचे.
शेकडो ठोके, खवल्याला खवला लागून,
आणि मध्येच अंगठा थांबायचा.
"सदू आज घरून भांडून आलाय रे."
सदू मान खाली घालून भाता ओढत राहायचा.
आजोबा पुढे काही विचारायचे नाहीत.

मीही नाही विचारलं.
रजिस्टरात पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात,
वीस म्हणजे वीस.
एकेक करून डब्यात टाकत गेलो.
सतरावी शेवटी.