उलटा ठसा

पिंगळे डॉक्टरीणबाई चित्र घेऊन आल्या,
जुन्या पातळात गुंडाळलेलं.
"चारशे वर्षांपूर्वीचं आहे, जपून."
चौकट हवी होती. मी चौकटी करत नाही,
तांबट आळीत भांड्यांवर नावं घालतो.
तरी एक रात्र ठेवून घेतलं.

मधोमध छातीचं हाड,
टोक खाली केलेली कट्यार जशी.
दोन्हीकडे फासळ्या,
आणि सावली म्हणून नुसत्या रेघा.
रेघ कुठे दाटते, कुठे सुटते
हे डोळ्यांआधी मनगटाला कळलं:
तांब्याच्या पत्र्यावर कोरलंय हे.
म्हणजे सगळं उलटं कोरलं असणार त्यानं,
डावं उजवीकडे, अक्षरं पाठमोरी.

सातव्या फासळीपाशी कलम घसरलंय.
ती रेघ त्यानं सावलीत मिसळून टाकली.
मीही तेच करतो,
गिऱ्हाइकाला दिसत नाही.

हाडाहाडावर एकेक अक्षर आहे.
इतकी अक्षरं,
पण छाती कुणाची, ते नाव नाही.

गेल्या माघात अण्णांच्या अस्थी
त्यांनीच ठोकलेल्या कलशातून
रामकुंडात सोडल्या.
गुरुजी म्हणाले, इथं हाडाचं पाणी होतं.
त्यातलं छातीचं कुठलं
मला ओळखता आलं नव्हतं.
आता आलं असतं.

दिवा मालवून अंधारात
स्वतःच्याच फासळ्या चाचपल्या.
सातवीपाशी बोट थांबलं,
तिथं काही नव्हतं.

सकाळी बाईंनी विचारलं, कसं वाटलं?
पातळाची गाठ मारत म्हटलं,
हात चांगला होता माणसाचा.