शुक्रवारचा कान

शुक्रवारी वागळे इस्टेट बंद.
बावीस नंबर रोडवरचे पॉवर प्रेस
आठवड्याची धाप टाकून गप्प,
पत्र्यावरचा कावळासुद्धा दबकून चालतो.
त्याच दिवशी चारीकाका तबली तासतात.
इतर वारी लाकूड बोललं तरी
ऐकणार कोण?

देवदाराची फळी मधोमध चिरून
पुस्तकासारखी उघडलेली,
डाव्या पानावरच्या रेघा उजव्या पानावर उलट.
अडीच मिलिमीटर.
काका तिला कोपऱ्याशी दोन बोटांत लटकती धरतात,
दुसऱ्या हाताच्या पेरानं ठोकतात
आणि माझ्याकडे बघतात.

कारण वरचे सूर त्यांना येत नाहीत.
बत्तीस वर्षं प्रेसशॉपच्या भिंतीला लागून
फाउंड्रीचे लाकडी साचे केले,
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना.
त्यात गेले.
"पगारातनं कापून घेतले," म्हणतात.
खर्ज राहिला. तो तसाही कानानं कोण ऐकतं,
हनुवटीनं ऐकतात.

मी तंबोऱ्यावर वाढलेली.
इथल्या पहिल्याच गिटारीची तार
पडद्याला घासून झणझणली, तेव्हा मी खुशीत,
"काका, जवारी लागली!"
ते हसले नाहीत. कानस उचलली.
"तिथलं सौभाग्य ते इथली खोट, पोरी."

आजची गिटार ईव्हेटची.
उथळसरची, शाळेत भूगोल शिकवते,
हात लहान, म्हणून तारेची लांबी दहा मिलिमीटर कमी.
अकरा महिने झाले.
शिसवीच्या बाजू तापल्या पाइपवर वाकवल्या
तेव्हा शेजारचा पावडर कोटिंगवाला इरफान
दारात येऊन, "आज क्या पका रहे हो, चाचा?"
सरस मात्र जानेवारीपर्यंत थांबला.
खाडीची हवा ओली, काटा पन्नासखाली येईना.
आत सात काड्या, पंख्यासारख्या पसरलेल्या,
ज्या ईव्हेटला कधीच दिसणार नाहीत.
सगळ्यात जास्त दिवस त्यांनीच खाल्ले.

दुपारी तारा चढवल्या.
एकेक पडदा वाजवत गेले.
तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या पडद्याशी
सूर उठला आणि कुणीतरी गिळला.
ह्या धंद्यात त्याला लांडगा म्हणतात.
चार वाजता ती येणार होती.
मी म्हणाले, "चांगला आहे."

काकांनी गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकली.
"परत."
वाजवला.
"परत."
मग काही न बोलता तारा सैल केल्या
आणि भोकातून हात आत घातला, मनगटाच्या वर,
अडलेल्या गाईचं वासरू वळवणाऱ्या माणसासारखा,
डोळे छताकडे, ओठ घट्ट,
आत बोटाएवढा रंधा.
किती वेळ कुणास ठाऊक.
भोकातून दोन-तीन ढलप्या बाहेर आल्या,
नखांच्या कातरणासारख्या.

तारा पुन्हा ताणल्या. नायलॉन ते, लगेच ऐकतंय थोडंच,
खुंट्या पिळत बसले.
"आता? खरं सांग."

"लांडगा गेला नाही, काका.
कुत्र्याएवढा झालाय."

ते थोडा वेळ त्या लाकडाकडे बघत राहिले.
मग फडक्यानं लाखेवरचे बोटांचे ठसे पुसले.
"असू दे. घराला कुत्रा हवा."

ईव्हेट सव्वाचारला आली.
पर्स खांद्यावरून न काढताच बसली,
खालपासून वरपर्यंत एकेक तार,
सावकाश, पट्टीनं नकाशा मोजावा तशी.
दुसऱ्या पडद्याशी थांबली.
परत तिथंच आली.
विचारलं काहीच नाही. तिथं बोट जरा जास्त दाबलं,
ओळख करून घेतल्यासारखं.

शेवटी सगळ्यात वरची, बारीक तार.
काका तिच्याकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी मान हलवली नाही
सूर पूर्ण विझेपर्यंत.
मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं
आणि साच्यांच्या जुन्या वहीत
पेन्सिलीनं लिहिलं: पाच सेकंद.
त्याखाली, बारीक अक्षरात,
माझं नाव.