खिळ्यावरची पिशवी

चौथ्या पडद्यावरचा हिरवा मी बदलला.
बद्री म्हणाला, हा दवाखान्याच्या भिंतीचा वाटतो,
म्हणून दुसरा घेतला, जरा पालकाकडे झुकणारा.
तीन महिने हेच चाललंय,
रुस्तावीतल्या एका खोलीत, हीटरला पाय लावून,
शहराच्या कचऱ्यासाठी चित्रं शोधणं.
बाटलीला बाटली, डब्याला डबा.
सालींना काय द्यावं, यात अख्खा मंगळवार गेला.

रकाने पाच.
फोटो काढा, रकाना निवडा, वजन टाका,
रविवारी तुमचं झाड एका पानाने वाढेल.
(सुकणारं झाड काढून टाकलं.
चाचणीत एका बाईला रडू आलं होतं.)

शनिवारी त्सिउरीकडे गेले, अ‍ॅप दाखवायला.
नववा मजला. लिफ्टला वर जायला नाणं लागतं.
खाली सगळं फुकट जातं,
माणूसही, पिशवीही.

बत्तीस वर्षं तिने पोलाद कारखान्यात क्रेन चालवली.
फोन हातभर लांब धरून बघते,
खाली कुणी उभं नाही ना, याची खात्री करावी तसा.

तिचं झाड वाढलेलंच नव्हतं.
दह्याच्या डब्यांत टोमॅटोची रोपं,
अक्रोडाची टरफलं शेगडीला,
बरण्या आलुबुखाराच्या चटणीची वाट बघत पालथ्या,
आणि दोरीवर, मोज्यांच्या शेजारी,
धुऊन वाळत घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या.
टाकायला काही नाही, म्हणून नोंदवायला काही नाही.
दर बुधवारी माझं अ‍ॅप तिला विचारत होतं:
तुम्ही आम्हाला विसरलात का?

‘विसरले नाही गं,’ ती म्हणाली,
‘पण त्याला काय उत्तर द्यायचं ते कळेना.’

मग तिने पाव काढला.
भट्टीतला लांबट, दोन टोकांना निमुळता,
चार दिवसांचा, आता टेबलावर आपटला तर वाजेल असा.
‘हा कुठे?’
मी सालींचं चित्र दाखवलं.
तिने बोट पुढे नेलं, आणि तिथेच थांबवलं.
‘हा कचरा नाही.’
‘पण खाणार नाही ना तुम्ही?’
‘मी नाही खाणार. म्हणून हा कचरा होतो का?’

आम्ही दोघी उतरलो, नाणं न देता.
कचरापेटीच्या बाजूला, कुणी कधी डाग देऊन
बसवलेला एक खिळा.
त्यावर आधीच दोन पिशव्या होत्या,
तोंडाला सैल गाठ, उघडायला सोपी.
तिने तिसरी अडकवली.
‘कोण नेतं?’
‘ज्याला लागतं तो.’
‘म्हणजे कोण?’
‘ते बघत उभं राहायचं नसतं, नुत्सा.’

पाच वर्षांची होते तेव्हापासून
मी हा खिळा रोज ओलांडत होते.
नकाशात पेट्या टाकल्या, गाड्यांच्या वेळा टाकल्या,
गावाबाहेरची ती टेकडीही टाकली,
जिच्या कुंपणाला वाऱ्याच्या दिवशी पिशव्या पालवीसारख्या फुटतात.
खिळा टाकायचं सुचलं नाही.

सोमवारी सहावं चित्र काढलं.
एक तिरकी रेघ, एक टोक. वजन नाही, फोटो नाही.
‘याने कळणार काय?’ बद्रीने विचारलं.
काहीच नाही.
‘मग झाड?’
नाही वाढणार.
त्याने बराच वेळ पेन्सिल चावली,
मग म्हणाला, रेघ थोडी जाड कर, म्हाताऱ्यांना दिसायला हवी.

मार्चमध्ये नव्या पेट्या आल्या,
गुळगुळीत, झाकणाच्या, आमच्याच हिरव्या रंगाच्या.
त्यांना खिळा नव्हता.
दोन दिवसांत कुणीतरी जाड तारेचा आकडा वळवून लावला,
क्रेनच्या आकड्यासारखा, जरा जास्तच मजबूत.

सहावं बटण अजून कुणी दाबलेलं नाही.
अहवालात तिथे शून्य येतं, दर आठवड्याला, ठळक.
सकाळी कामावर जाताना बघते:
आकडा रिकामा असतो.