शंभर टक्के

डंडीत डिसेंबरला साडेतीनलाच दिवे लागतात.
मॉर्वेनने सीलगणतीची फाइल
पेनड्राइव्हवर टाकली. हिरवी पट्टी
चार सेकंदांत शंभरावर.
तिने कोट चढवला.

थांब, म्हटलं, त्याचा दिवा लुकलुकतोय अजून.
‘झालं म्हणतोय की तो!’

म्हणणारच.
मेमरी भरपूर, त्यामुळे सगळं पदरात घेतो,
वर ‘पोचलं’ अशी पावतीही देतो,
आणि डिस्कवर उतरवतो सवडीने,
कधी अर्ध्या मिनिटाने,
कधी पदर फाटायला आला की एकदम,
तेव्हा माऊससुद्धा जागचा हलत नाही.

आमचा मामा बार्शीला अडतीवर दिवाणजी.
पोतं उतरलं की आधी कीर्द, मग चहा.
खतावणी रात्री करू, म्हणायचा,
कीर्दीची शाई मात्र
गाडीवान निघायच्या आत वाळली पाहिजे.

हे मॉर्वेनला इंग्रजीत कसं सांगणार?
तोवर तिने ड्राइव्ह उपटला होता.

रात्री अरब्रोथहून फोन:
फाइलचं नाव शाबूत, आकार शून्य.
अकरा रविवार टे नदीच्या चिखलात,
आणि शून्य.
नशीब, मूळ प्रत इकडेच.

सकाळी पुन्हा बसलो. सिंक लिहून एंटर.
कर्सर परतेना.
एक बस गेली, दुसरी गेली.
मॉर्वेनने कोट काढला, खुर्चीला अडकवला.
दिव्याकडे बघत म्हणाली,
पाचव्या वाळूपट्ट्यावर एक पिल्लू होतं,
ते मी अजून कुठेच लिहिलेलं नाही.