मागील चौदा दिवसांत

फॉर्मवर अडतीस लक्षणं आहेत.
एका फॉर्मचे बावीस रुपये,
अर्धवट भरला तर काहीच नाही.

कोपरखैरण्यात माथाडींच्या बैठ्या घरांवर
मजले चढलेत, आणि मजल्यांना लोखंडी जिने,
इतके उभे, की वर पोचेस्तोवर
प्रश्न क्रमांक नऊ, चढताना धाप लागते का,
मलाच लागू होतो.

'आम्हाला काही नाही हो,' हणमंत शेडगे म्हणाले.
आधी सगळे हेच म्हणतात,
दार अर्धं धरून,
वर्गणीवाल्याला यंदा नाही म्हणावं तसं.
मग मी एकेक वाचत जाते.
पाठ?
'पाठ काय, ती असतेच.'
असतेच साठी चौकोन नाही.
आहे आणि नाही, दोनच.
एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात गोणी.
'दुखणं म्हणजे जे कामावर जाऊ देत नाही ते.
हे तर रोज माझ्याबरोबर कामावर येतं.'
आतून बाई म्हणाल्या, 'झोपेचं सांगा की.'
'झोपेचं काय?'
'तीनला उठून बसता ते.'
ते वळून बघत राहिले तिच्याकडे.
त्यांना वाटत होतं, तेव्हा ती झोपलेली असते.

तुर्भे नाक्यावर इद्रिस शिकलगार, शिवणकाम.
मशीन बंद केली तरी कानात चालू राहते म्हणाला.
कधीपासून?
आठवत नाही. आता उलटं झालंय,
रात्री ती थांबली, की दचकून जाग येते.

ऐरोलीत सोळाव्या मजल्यावर
तन्मय उपासनीने पेन माझ्या हातातून घेतलं,
अडतीस वेळा नाही, दोन मिनिटांत,
कानातला फोन न काढता.
मी लिफ्टपाशी पोचले तर मागून अनवाणी आला.
'डाव्या डोळ्याची पापणी फडफडते, ते धरतात का यात?'
इतर मध्ये लिहिते म्हटलं.
लिफ्ट आली, गेली.
'आणि छातीत असं... दुखत नाही, पण... '
मी थांबले.
'दुसऱ्यांनाही असतं का हे?'

हे तर जवळपास प्रत्येक जण विचारतो.
चप्पल घालताना, पाण्याचा रिकामा पेला परत घेताना,
आवाज खाली आणून.
आम्हाला सांगायची परवानगी नाही.
उत्तरांवर परिणाम होतो म्हणे.
म्हणून एकशे बारा घरं पिशवीत घेऊन मी म्हणते,
'मला कल्पना नाही.'

एकच फॉर्म कोरा निघाला,
दिवाळे कोळीवाडा, चांगुणाबाई, वय एकसष्ट.
सुपरवायझरने तो परत पाठवला,
शेरा मारून: असं नसतं, पुन्हा विचारा.

पुन्हा गेले.
बाई सुके बोंबील उलथवत होती, उकिडवी,
मी वाचत होते, ती नाय, नाय म्हणत होती,
पोट नाय, चक्कर नाय, घाबरल्यागत नाय,
आणि एवढ्या वेळात हाताचा आधार न घेता
दोनदा उठली, दोनदा बसली.
खरं सांगू, मला तिचा राग आला.

'मंग बाकीच्यांना असतंय?' तिने विचारलं.
ऊन होतं. फॉर्मला बोंबलाचा वास लागला होता.
मी म्हटलं, असतं.
'समद्यांना?'
समद्यांना.
ती हातातला बोंबील तसाच धरून बसली.
एकटीच मागे राहिल्यासारखं तोंड झालं तिचं.
मग म्हणाली, 'लिव. गुडघा लिव.
तुजे पैसं कशाला बुडवू.'

कोणता गुडघा?
'तुला बरा वाटंल तो.'

फॉर्मवर डावा, उजवा असे दोन चौकोन आहेत.
मी डाव्यावर खूण केली.
माझा डावा दुखतो.